लायनेलचे अकरा शब्द

लायनेल, तुला मराठी येत नव्हतं, म्हणूनच हे मराठीत लिहायचं धाडस करते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तू पेन्सिल घेऊन बसला असतास आणि निम्म्याहून जास्त मजकूर खोडून म्हणाला असतास, "हे काढ, हेही काढ. आता वाच." गेल्या तीन आठवड्यांत तुझ्याविषयी इंग्रजीत पुष्कळ छापून आलं. जन्मगाव, आर्ट कॉलेज, बँड, ते एक गाणं, मग कॅनडा, आणि शेवटी 'प्रयोगशील कलावंत आणि गीतकार'. 'प्रयोगशील' म्हणजे 'आम्हाला याचं काय करायचं ते कळलं नाही', हे तूच मला सांगितलं होतंस. ते सगळं त्यांचं त्यांना लखलाभ. मला आपलं बोलायचं आहे.

मराठीत पहिल्याच ओळीला एक अडचण आली. तू की तुम्ही? सत्तावीस वर्षं शेजारी राहिलो, पण इंग्रजीत 'यू' म्हटलं की भागायचं. तू माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, त्यातून नावाजलेला माणूस. रीतीप्रमाणे अहो-जाहो करायला हवं. पण आपली पहिली भेट आठवली आणि ते काही जमेना. ड्राइव्हवेच्या कडेला बर्फात पालथ्या पडलेल्या माणसाला 'अहो' कसं म्हणायचं?

कॅनडातला, रेजिनातला तो माझा दुसरा हिवाळा. अविनाशची कंबर धरली होती, म्हणून तो आमच्या सहा महिन्यांच्या रेवाला मांडीवर घेऊन आत खिडकीशी बसलेला, आणि नवऱ्याचे बूट घालून मी बाहेर बर्फ शोव्हल करत होते. तू पडलेला दिसलास. तोंड खाली, कानावर हेडफोन, टोकाला माइक असलेली एक वायर बर्फात शिरलेली. मला वाटलं, हार्ट अटॅक. मी फावडं टाकून ओरडले. तू मान वर न करता एक बोट वर केलंस.

"प्लीज, थांबू नका," तू म्हणालास. "जरा सावकाश कराल का? फार सुंदर आवाज येतोय."

आणि मी केलं! का केलं ते आजही सांगता येणार नाही. माझा ड्राइव्हवे साफ व्हायला त्या दिवशी दीड तास लागला. मदतीला मात्र तू हात पुढे केला नाहीस. मग ज्युडिथ चहाचा थर्मास घेऊन आली, तुझ्याकडे बघून म्हणाली, "हा माझा नवरा," आणि असं म्हणाली की जणू हरवलेल्या मांजराची ओळख पटवते आहे. आत गेल्यावर अविनाश म्हणाला, "तो गोरा वेडा आहे का गं?" मी म्हटलं, "नाही, आर्टिस्ट आहे." अविनाश म्हणाला, "बरं, म्हणजे परमनंट आहे."

तुझं आयुष्य तू मला कधी सलग सांगितलं नाहीस. माझ्या स्वयंपाकघरात पोहे खाताना एक तुकडा, विंटर टायर लावून घ्यायला गेलो की गॅरेजच्या बाकावर दुसरा. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं मासेमारीचं गाव. वडील बोटीवर. आई कोळ्यांसाठी लोकरीचे स्वेटर विणायची. तुझं पहिलं गाणं तिच्या विणकामाच्या कागदावरून उचललेलं होतं. दोन सुलट, एक उलट, टाका सोड, टाका उचल. कॉलेजातल्या तीन मित्रांनी त्याला चाल लावली, मागे एक व्हॅक्यूम क्लीनर चालू ठेवला, आणि लंडनमधल्या एका तळघरात चाळीस माणसांसमोर तुम्ही ते म्हटलंत.

"तीस माणसं उठून गेली," तू सांगायचास. "उरलेल्या दहांत ज्युडिथ होती."

आणि मग ते गाणं. त्याचं नाव मी लिहीत नाही, तुला आवडणार नाही. वीस मिनिटांत, थट्टा म्हणून खरडलेलं. लोक ते लग्नात म्हणतात, मॅचमध्ये म्हणतात, वाढदिवसाच्या केकभोवती म्हणतात. तुला त्याचा इतका राग की मला आधी ते नाटकच वाटायचं. एकदा आपण ग्रोसरीला गेलो होतो आणि दुकानात ते लागलं. तू हातातला फ्लॉवर माझ्या कार्टमध्ये ठेवलास, तुझी कार्ट तिथेच सोडलीस आणि बाहेर निघून गेलास. बाहेर उणे पंचवीस. काचेतून तू दिसत होतास, पाय आपटत, घड्याळ बघत. गाणं संपल्यावर मी हात केला तेव्हा आत आलास आणि फ्लॉवर परत घेतलास.

"लोकांना आवडतं ते इतकं वाईट का रे?" मी विचारलं.

"वाईट नाही," तू म्हणालास. "पण त्या गाण्यात शब्द नोकरी करतात. मला सुट्टीवरचे शब्द हवेत."

आपल्या भांडणाची ही सुरुवात. पंचवीस वर्षं पुरलं ते आपल्याला. मी दिवसभर कानाला हेडफोन लावून कोर्टातल्या साक्षी टाइप करायची. 'मी त्याला पाहिलं' आणि 'मी त्याला पाहिलं असं वाटतं' यांत एका माणसाचं आयुष्य इकडचं तिकडे होतं. शब्द सुट्टीवर गेले तर आमच्या कोर्टाने काय करायचं, असं मी म्हणायची. तू म्हणायचास, अर्थ हे शब्दाच्या पाठीवरचं सामान आहे, ते उतरवून ठेव आणि मग बघ तो कसा चालतो.

तुझं सगळं काम या एका गोष्टीपायी झालं. ज्युडिथला इथल्या युनिव्हर्सिटीत गवतांचा अभ्यास करायला नोकरी मिळाली म्हणून तुम्ही आलात. लंडनमधले मित्र म्हणाले, तू संपलास. तू म्हणालास, तिथे बघण्यासारखं काही नाही, म्हणजे ऐकायला येईल. शहराबाहेर एका शेताच्या काटेरी तारेला तू डब्यांची शेकडो झाकणं बांधलीस, प्रत्येकावर एक शब्द रंगवलास. वारा आला की झाकणं फिरायची, दर वेळी वेगळीच ओळ तयार व्हायची. गाई बिथरतात म्हणून त्या शेतावरच्या बाई तक्रार करायला आल्या, अर्धा तास कुंपणाशी उभ्या राहिल्या, आणि जाताना म्हणाल्या, "वसंतापर्यंत राहू द्या." टोरंटोहून एक समीक्षक विमानाने आला. त्या दिवशी नेमका वारा पडला होता. त्याने लिहिलं, 'झाकणं.' एवढंच. तू ते कात्रण वर्षभर फ्रिजवर लावलं होतंस.

पण आपण एकदा खरंच भांडलो, आणि ते मला आज लिहायलाच हवं.

रेवा चौदा वर्षांची होती. शाळेच्या ट्रिपवरून आली, बॅग फेकली आणि म्हणाली, "आई, व्हाय आर यू इन द गॅलरी?"

"मी कुठे गॅलरीत?"

"युअर व्हॉइस. देअर्स अ डार्क रूम अँड यू आर डुइंग टेबल्स. एव्हरीवन वॉज लाफिंग."

दुसऱ्या दिवशी बस पकडून मी त्या आर्ट गॅलरीत गेले. अंधारी खोली. चारी भिंतींतून फावड्याचा खरखराट, आणि मधोमध मी. बे एके बे, बे दुणे चार. धाप लागलेली, नाक ओढत, थांबत, पण चाललेलीच. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. त्या पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग तू तेरा वर्षं जपून ठेवलं होतंस. मी शोव्हल करताना पाढे पुटपुटत होते, हे मलासुद्धा आठवत नव्हतं.

मी सरळ तुझ्या दारात आले.

"तू मला विचारलं नाहीस."

"विचारलं होतं. फावड्याचं."

"मी फावडं नाहीये."

"वासंती, ते आकडे आहेत. आकडे कुणाच्या मालकीचे नसतात."

मग मी तुला सांगितलं. कराडला माझे वडील पोस्टात होते. रोज दिवेलागणीला ते आम्हा भावंडांना समोर बसवून परवचा म्हणायला लावायचे. एक जरी चूक झाली तरी पुन्हा पहिल्यापासून. त्या वर्षी दिवाळीनंतर ते गेले. रेवा तान्ही, आमचे कागद इमिग्रेशनमध्ये अडकलेले. मी जाऊ शकले नाही. फोनवर भावाने सांगितलं, मी 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. मला रडायलाही धड जागा मिळाली नाही. त्या हिवाळ्यात मी बाहेर बर्फात त्यांना पाढे म्हणून दाखवत होते, लायनेल. आणि शाळेतली पोरं त्यावर हसत होती.

तू दरवाजाची मूठ धरून उभा होतास. दुसऱ्या दिवशी तू जाऊन ते काम उतरवलंस. गॅलरीवाले रागावले, छापील पत्रिका वाया गेल्या, ज्युडिथ म्हणाली की पुढे त्यांनी तुला कितीतरी वर्षं बोलावलं नाही. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. तो सगळा हिवाळा आपण बोललो नाही. तू तुझा ड्राइव्हवे साफ करायचास, मी माझा, आणि मध्ये बर्फाचा ढीग वाढत जायचा.

मार्चमध्ये तू दार वाजवलंस. हातात कॅसेट रेकॉर्डर. म्हणालास, "मी तुझा आवाज न विचारता घेतला. आता माझा तू घे. मला लिहून घेणारं माणूस हवंय. माझं अक्षर मलाच लागत नाही." माफी मागायची ही तुझी पद्धत. मी आधी चहा टाकला.

तिथून माझी दुसरी नोकरी सुरू झाली. तू बोलायचास, मी कोर्टाच्या सवयीने सगळं टाइप करायची. खोकला, चहाचा घोट, आणि तुझे ते दर चार शब्दांनी येणारे 'अं'. पहिली पानं वाचून तू खुर्चीतून उठलास. "हे 'अं' राहू दे! एकही काढू नकोस." तुझी शेवटची तिन्ही पुस्तकं त्या 'अं'सकट छापली गेली. एका परीक्षणात त्यांना 'मौनाचा उंबरठा' म्हटलेलं वाचून आपण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. माझ्या ऑफिसची सवय ती, बाकी काही नाही.

वर्षभराने मीच म्हटलं, ते पाढे पुन्हा लाव, दुसऱ्या गॅलरीत. या वेळी मी नीट बसून म्हटले. भिंतीवरच्या पाटीवर तू लिहिलंस, 'शब्द आणि श्वास: वासंती.' मी म्हटलं, शब्द माझे नाहीत. "श्वास तरी तुझे आहेत ना," तू म्हणालास. उद्घाटनाला माझ्याबरोबर म्हणायचं म्हणून तू बेचा पाढा पाठ केलास. बे त्रिक सहा, बे चोक आठ, तुझ्या त्या कोळ्यांच्या उच्चारात. रेवा अर्थ सांगायला लागली, "टू थ्रीज आर..." तर तू दोन्ही कानांवर हात ठेवलेस. "नको, नको, बिघडवू नकोस!"

आता पुढचं. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत सकाळी ज्युडिथचा फोन आला. मी हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा तू डोळे उघडे ठेवून पडला होतास. उजवा हात पांघरुणावर तसाच पडलेला. मला बघून तू म्हणालास, "ट्यूज्डे." मी म्हटलं, "नाही, आज गुरुवार आहे." तू मान हलवलीस आणि पुन्हा म्हणालास, "ट्यूज्डे." जोरात. रागावून. तुला पाणी हवं होतं.

झटक्याने मेंदूतला शब्दांचा भाग गेला होता. तुला सगळं कळत होतं, पण मनातला शब्द तोंडातून निघताना भलताच होऊन यायचा. थेरपिस्ट मुलगी कपाचं चित्र दाखवायची, तू म्हणायचास 'ट्यूज्डे'. बूट, ट्यूज्डे. ज्युडिथचा फोटो, ट्यूज्डे. त्या फोटोच्या वेळी तू रडलास. शिव्या मात्र तुला स्वच्छ येत होत्या, त्याचं थेरपिस्टला कौतुक वाटायचं.

आयुष्यभर तू शब्दांच्या पाठीवरचं सामान उतरवलंस आणि आता सगळेच शब्द हात हलवत मोकळे निघून गेले होते. आपल्या भांडणात मी जिंकले होते. असलं जिंकणं कुणाला हवं होतं? मी तो विषय काढला नाही, आणि तुला काढता येत नव्हता.

एका दुपारी ज्युडिथ घरी झोपायला गेली होती आणि मी तुझ्याजवळ बसले होते. काय बोलावं ते सुचेना. बोललं की तू उत्तर द्यायला बघायचास आणि दमायचास. म्हणून मी उत्तर न लागणारं काहीतरी पुटपुटायला लागले. बे एके बे. बे दुणे चार. आणि पलंगावरून तू म्हणालास, "बे त्रिक सहा."

मी थांबले. तू थांबला नाहीस. बे चोक आठ, बे पंचे दहा, बे सक बारा. एकही चूक नाही. थेरपिस्ट धावत आली, नर्स दारात येऊन उभी राहिली. बे दाहे वीस म्हणून तू डोळे मिटलेस आणि हसलास, अर्ध्याच तोंडाने. ज्याला पाणी मागता येत नव्हतं त्याला कराडच्या पोस्टमास्तरांचा पाढा येत होता. अर्थ तुला कधीच माहीत नव्हता, आणि म्हणूनच बहुधा तो वाचला होता. म्हणजे तूही जिंकलास. आपलं भांडण तिथेच राहिलं, लायनेल. पुढे नेणार कोण?

त्यानंतर तू मला 'बे' म्हणूनच हाक मारायला लागलास. माझं नाव तुला येईना. घरी आल्यावर अंगणातून ओरडायचास, "बे! बे!" अविनाश नागपूरचा. तो म्हणायचा, "आमच्याकडे कुणी अशी हाक मारली असती तर मारामारी झाली असती." मग तोही खिडकीतून तुला ओरडायला लागला, "काय बे, लायनेल!" आणि तू डावा हात वर करायचास. पंचवीस वर्षांत तुमचं दोघांचं एवढं बोलणं कधी झालं नव्हतं.

वर्षभर तू शब्द गोळा केलेस. तुझा नियम कडक होता. जो शब्द तीन वेगवेगळ्या दिवशी, तुला हवा तेव्हा, हव्या त्या गोष्टीसाठी तोंडातून येईल, त्याचंच कार्ड फ्रिजवर लागणार. नुसता आला, तर नाही. ज्युडिथने एकदा दया येऊन जास्तीचं कार्ड लावलं, ते तू काढून फेकलंस. 'नो' पहिल्या महिन्यात आला, 'येस' यायला वर्ष लागलं. अखेर अकरा झाले. ज्युडिथ. नो. टी. ब्लडी. कोल्ड. बोट. मदर. वेट. विंड. अगेन. येस.

वासंती त्यांत नव्हतं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मी भाजी चिरताना कितीदा तरी मनात म्हणायची, एकदा म्हण की रे. तू प्रयत्न करायचास हे मला दिसायचं. ओठ 'व'साठी जवळ आणायचास आणि मग हात झटकून 'बे!'

कॅनडाच्या दीडशेव्या वाढदिवसाच्या उन्हाळ्यात सगळीकडे लाल-पांढरे झेंडे लागले होते आणि प्रत्येक गावाला काहीतरी भव्य करायचं होतं. तू आपल्या भागातली कर्लिंग रिंक मागितलीस. हिवाळ्यात बर्फावर दगड सरकवायचा खेळ चालतो ती लांबलचक शेड, उन्हाळ्यात रिकामी, खाली नुसतं काँक्रीट. साठेक माणसं आली. तू मधोमध खुर्चीवर बसलास, मांडीवर अकरा कार्डं. आणि एकेक शब्द गायलास.

चाळीस वर्षं तू अर्थ काढून टाकत आलास आणि त्या दिवशी प्रत्येक शब्दाचा तोच अर्थ होता जो तुला हवा होता. 'कोल्ड' म्हणालास तेव्हा जुलैत माझ्या हातावर काटा आला. 'बोट' तू वडिलांना म्हणालास, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. 'वेट' सगळ्यांत लांबवलास, आणि पत्र्याच्या छतावरून तो परत यायची वाट बघत बसलास. 'ज्युडिथ' शेवटी. ती पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती.

टाळ्या थांबल्यावर मागून कुणीतरी प्रेमाने ते गाणं गुणगुणायला लागलं. दोघं-तिघं मिळाले. तू मान वर केलीस. "नो," तू म्हणालास. अगदी स्वच्छ. मग जरा विचार करून, "ब्लडी नो." सगळी रिंक हसली.

अविनाश माझ्या शेजारी होता. तो हसला नाही. तो रडत होता, खांदे हलत होते, आणि चष्मा काढून शर्टाला पुसत होता. गाडीत बसल्यावर म्हणाला, "त्याला सांगू नकोस हं." मी सांगितलं नाही. आता सांगते. तू त्याला रडवलंस, लायनेल. स्वतःच्या आईच्या निधनाची बातमी आली तेव्हा त्याने माझ्यासमोर डोळे कोरडे ठेवले होते.

आणि माझं काय? तू त्या संध्याकाळी माझ्याकडे बघून भुवया वर केल्यास. कसं झालं? एवढंच विचारत होतास. मी म्हटलं, "इंटरेस्टिंग होतं." तोंडावर कौतुक करायची आमच्या घरात पद्धत नव्हती. वडील पाढा बरोबर आला की फक्त 'पुढचा' म्हणायचे. मला वाटलं, नंतर नीट सांगू. सहा महिने होते माझ्याकडे. तू रोज शेजारी होतास. मी तुला सूप आणून दिलं, औषधं आणून दिली, तुझी नखं कापली, आणि हे एक वाक्य काही बोलले नाही. सुंदर होतं ते. मी आयुष्यात ऐकलेलं सगळ्यांत सुंदर.

जानेवारीत दुसरा झटका आला. चार दिवस. चौथ्या दिवशी दुपारी ज्युडिथ वॉशरूमला गेली तेव्हा खोलीत मी एकटी होते. तू डोळे उघडलेस, माझ्या पलीकडे बघितलंस आणि एक शब्द बोललास. मी म्हटलं, "ती इथे उघडत नाही रे, लायनेल," आणि तुझा हात थोपटला. तू डोळे मिटलेस. ज्युडिथ परत आली. त्यानंतर तू काही बोलला नाहीस, आणि पहाटे गेलास.

तो शब्द मी कुणाला सांगितला नाही. शेवटचा शब्द ज्युडिथचा हक्काचा होता आणि तो चुकून माझ्या हातात पडला होता. त्यातून तो तिचं नाव नव्हता. तिने विचारलं तर काय सांगायचं, हे मी अंघोळ करताना, ऑफिसच्या बसमध्ये, कुठेही ठरवत बसायची. 'ज्युडिथ म्हणाला' असं म्हणायला काय लागतं? कोण तपासणार आहे? पण मी पंचवीस वर्षं लोकांचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं आहे, आणि तुझी अकरा कार्डं मी पाहिली आहेत. तिथे खोटं कार्ड कसं लावू?

ज्युडिथ आता दर गुरुवारी आमच्याकडे जेवायला येते. परवा अविनाश खाली बेसमेंटमध्ये काहीतरी ठोकत होता, मी पानं वाढत होते, आणि तिने विचारलं. पातेल्याकडे बघत, सहज विचारल्यासारखं.

"मी बाहेर गेले होते तेव्हा तो काही बोलला का?"

मी डाव खाली ठेवला. "हो."

"काय?"

"विंडो."

तिने समोरचं ताट सरळ केलं. मग म्हणाली, "विंड म्हणाला असेल. विंड त्याला येत होता."

"नाही. विंडो. पूर्ण. मी नीट ऐकलं."

"खिडकीकडे बघून?"

"खिडकीकडे बघून."

मला वाटलं आता ती रडेल. मी तिच्याकडे जायला निघाले. तर ती हसायला लागली. आधी नाकातून, मग सगळं अंग हलवून, टेबलाला धरून. "चव्वेचाळीस वर्षं!" ती म्हणाली. "जानेवारीत! या माणसाच्या उघड्या खिडक्यांपायी मी चव्वेचाळीस वर्षं लोकरीची टोपी घालून झोपले आहे! रोज भांडायचे मी. बंद कर म्हणायचे. हॉस्पिटलमध्येही मागितलीच का त्याने?"

मग ती उठली आणि माझ्या सिंकवरच्या खिडकीपाशी गेली. नोव्हेंबरपासून ती कुणी उघडली नव्हती, चौकट बर्फाने धरली होती. ज्युडिथने खिडकी उघडायचा दांडा फिरवला, फिरेना. मी लाटणं दिलं. तिने चौकटीवर चार ठोके दिले आणि खिडकी कडकन सुटली. उणे अठ्ठावीसचा वारा आत आला, टेबलावरचे पेपर नॅपकिन उडून जमिनीवर गेले.

अविनाश धापा टाकत वर आला. "अगं, खिडकी कुणी उघडली? घर तापवायला फर्नेस चालू आहे!"

"बसा," ज्युडिथ म्हणाली. तिला मराठी कळलं नव्हतं, पण फर्नेस कळलं होतं.

तो माझ्याकडे बघत राहिला, मग खुंटीवरचं जॅकेट घालून बसला. मी माझा आणि ज्युडिथचा कोट आणला. वांग्याची भाजी वाढेपर्यंतच गार झाली. आम्ही तिघांनी ती तशीच खाल्ली.